बुधवारची बाळंतीण

दर बुधवारी दुपारी दोनला
मी बाळंत होते.
वय एकसष्ट. एरवी काम झाडलोटीचं,
सेन्कू नदीच्या वरच्या अंगाला, चार खाटांच्या दवाखान्यात.
म्पोलोकेंग सिस्टर माझ्या कमरेला पट्टे आवळते,
पोटावर रबराचं पोट बसवते,
आतल्या पिशवीत उकळलेल्या बिटाचं पाणी भरते
आणि एप्रनखाली माझ्या मुठीत देते
रक्ताची चावी.
डावीकडे फिरवली की वाहतं,
उजवीकडे फिरवली की थांबतं.
शिवाय एक गुंडी. दाबली की गर्भाशय दगड,
सोडली की भिजल्या कणकेचा गोळा.
एवढी सत्ता मला आयुष्यात
कुणी दिली नव्हती.

पोरं आत येतात. लिम्फो, नव्या बुटांची.
टिएहो, हात मोठे, आवाज बारीक.
लिम्फो पोट चोळते, सुई टोचते संत्र्याला
(नंतर ते संत्रं मीच खाते).
मी ओरडते. आधी लाज वाटायची,
आता रस्त्यावरचे घोडेवाले थबकतात.

पहिल्या वर्षी त्यांचे हात एकमेकांवर आपटायचे.
औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाच्या खिशात,
एवढ्यावरच मी तीनदा मेले.
मेले की सिस्टर शिट्टी वाजवते,
सगळे फरशीवर बसतात, मीही, पोटासकट,
आणि कोण कुठे चुकलं ते बोलतात, न रागावता.
न रागावता बोलायलाही सराव लागतो.
हळूहळू अंगवळणी पडलं.
किल्ली आता खिळ्याला असते.

मग जूनमध्ये, पहिलं बर्फ पडलं त्या बुधवारी
त्यांनी सगळं बरोबर केलं.
चोळलं, टोचलं, सलाइन लावलं, मिनिटं मोजली.
मी गुंडी दाबली नाही.
बिटाचं पाणी फरशीवर आलं,
सकाळी मीच पुसलेल्या.
टिएहो पुन्हा पहिल्यापासून. लिम्फोचे ओठ कोरडे.
सिस्टरने डोळ्यांनी म्हटलं, पुरे.
मी म्हटलं, नाही.
माझं नाव कुणी विचारलंय?

तुमचं नाव ठाऊक आहे की, लिम्फो म्हणाली.
माझं ठाऊक आहे.
ह्या बाईचं नाही.

आमच्याकडे नव्या सुनेला
मूल व्हायच्या आधीच त्याच्या आईचं नाव मिळतं.
मला म्हणाले माकाराबो, काराबोची आई.
काराबो म्हणजे उत्तर.
तो आला तेव्हा, ह्याच खोलीत,
तीन माणसं माझ्यावर वाकली होती
आणि आपसातच बोलत होती.
तो थोडा वेळ होता. मी उरले.
अजून सगळे मला त्याच्याच नावाने हाक मारतात.
हे मी पोरांना सांगितलं नाही.
नुसती चावी धरून पडून राहिले.

मग लिम्फो माझ्या कानापाशी वाकली,
पोटावरचा हात न थांबवता.
मी लिम्फो. तुमचं नाव काय?
घाबरू नका, असं म्हणाली नाही.
म्हणाली, आता दुखेल, मी इथेच आहे.
गुंडी माझ्या नकळत दाबली गेली.

ऑगस्टात रस्ता चार दिवस बंद.
घोड्यावरून, ब्लँकेटात गुंडाळून एकीला आणलं.
बिटाला वाफ नसते. रक्ताला असते.
मी दाराबाहेर बादली धरून उभी,
हातात चावी नाही,
तरी मूठ उजवीकडे वळत राहिली.
आतून येत होतं: किल्ली? घेतली.
वेळ? चार मिनिटं.
आणि मध्येच, खाली वाकून बोलल्यासारखा
लिम्फोचा आवाज: नाव काय तुझं?
बराच वेळ काही नाही.
मग एक नाव आलं, बारीक, चिडलेलं.
ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे,
ती ते घेऊन आठव्या दिवशी घरी गेली.

पुढच्या बुधवारी पुन्हा बीट उकळलं.
टिएहो म्हणाला, आज बाळंतीण मी.
पट्टे पुरेनात, सिस्टरने दोरी आणली.
मला हातमोजे दिले, एक बोट फाटकं.
चावी त्याच्या मुठीत.
मी वाकले, विचारलं, नाव काय तुझं?
कुणी हसलं नाही.
त्याला पटकन
नावच सुचेना.